आठ मिलिमीटर

खोक्यावर लिहिलं होतं : बोल्ट काढा, बसवा, पळवा.
कुपवाडच्या शेडमध्ये आज तिसरी संध्याकाळ
आणि टाकी अजून अधांतरी.

मागचं भोक फ्रेमच्या भोकाच्या आठ मिलिमीटर पुढे.
दोनदा मोजलं. व्हर्नियर कंपनीतला,
दिवसभर बुशिंगा नापास करणारा,
तो माझ्यासाठी कशाला खोटं बोलेल?

जुनी टाकी कोपऱ्यात, गोणपाटावर उताणी.
तिच्या डाव्या कुशीत माझ्या गुडघ्याची वाटी,
तिसऱ्या वळणावर पडले तेव्हाची.
पोलादी, रुंद, कुणा सहा फुटी पुरुषाच्या मांड्यांच्या मापाची.
मी पाच फूट. ब्रेक दाबला की
ओल्या मोरीतल्या साबणासारखी पुढे जायचे.

म्हणून ही. अॅल्युमिनियमची, बुटकी, कमरेत आवळलेली.
अठरा महिन्यांचा ओव्हरटाइम.
आईनं खोक्यात डोकावून विचारलं होतं,
"याला शिट्टी कुठंय?"

इलाहीभाई शिकलगार चिंधीनं हात पुसतात.
त्यांचे आजोबा विट्या-तासगावपर्यंत
विळ्यांना धार लावत हिंडायचे.
हे मिरजेच्या दवाखान्यांच्या ट्रॉल्या जोडतात,
एकदा कुणाचा तरी जयपूर फूटही.
"भोक हाय तिथंच ऱ्हाऊ दे," म्हणतात,
"आपलं भांडण मधल्या जागंशी हाय."
पट्टी कापली. वर रबर, खाली रबर.
"इंजिन थरथरणारच. टाकी थरथरली, तर तडकंल."

मग पंप. सहा बोल्ट, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत.
ओ-रिंगवर ग्रीस, करंगळीनं.
आत काळा स्पंज कोंबला, ब्रेक दाबल्यावर
पेट्रोलनं माझ्यासारखं पुढे धावू नये म्हणून.

बसली.

असं दोघंही एकदमच म्हणालो
आणि मी हँडल उजवीकडं पूर्ण वळवलं.
अंगठा सापडला.
नख निळं.
पिटमध्ये गाडी वळवताना पडायला एवढं पुरतं,
आणि तेही सगळ्यांदेखत.

उपाय एकच होता. दोघांनाही कळला होता.
कुणीच बोलेना.
चहा आला. भोंगा झाला. दुसरी पाळी आत गेली.
पलीकडच्या पॉलिश मिलमधून हळदीची धूळ येते, रोजचीच,
तिचा पातळ थर नव्या टाकीवर बसलेला.
अंगठा जिथं लागतो तिथं मी बोटानं
त्या धुळीत एक गोल काढला.

इलाहीभाईंनी पंप परत उतरवला, स्पंज उपसला,
वाळूची पिशवी आणली, लाकडी मोगरी आणली.
"माप तुझं. घाव तूच घाल."

पहिला घाव भित्रा होता, टाकीनं तो परत केला.
दुसरा गोलाबाहेर.
"आत्ता रडू नगंस, मोगरी वली हुईल."
रडत नव्हते. घाम होता. बहुधा.
तिसऱ्याला आवाज बदलला,
टणटणता होता तो बोदा झाला,
आणि कोऱ्या पत्र्याला एक खळगी पडली,
अंगठा मावेल एवढी.
कोपऱ्यातल्या टाकीकडं मी बघितलं नाही.

परत सगळं जोडेस्तोवर साडेदहा.
दोन लिटर ओतून, खाली कालचा पेपर पसरून
शटर ओढलं. घरी गेले. झोपले, असं म्हणते.

सकाळी सातला पेपरवर डाग.
राजापुरी हळदीच्या भावाखाली, गोल, तपकिरी.
गुडघ्यांवर बसले, फरशीशी नाक टेकवलं,
पेट्रोलचा डाग रात्रीत उडून जातो
हे चांगलं ठाऊक असूनही.

आल्याचा वास.

"पेला ठिवला हुता तिथं," मागून इलाहीभाई,
आणि त्यांनी किल्ली पुढे केली.

फिरवली.
पंप दोन सेकंद गुणगुणला,
दाब भरून घेतला
आणि गप्प झाला.